डाव्या पायाचा बूट

टॉडमॉर्डन,
सोमवार, १३ ऑक्टोबर १९८६

सँड्रा,

तुझं पार्सल शनिवारी पोचलं. आत निघालं ते असं: विल्फची लोकरीची टोपी एक, न धुतलेली. मफलर एक, कसर लागलेला. कांद्याच्या लोणच्याची बरणी एक, तीही अर्धी. आणि बूट एक. एक म्हणजे एकच, डाव्या पायाचा, तो जाड सोलचा. तिकिटं कमी लावली होतीस म्हणून पोस्टमनने दारात उभं राहून चौऱ्याऐंशी पेन्स घेतले. लोणच्याचं पाणी झिरपून टोपीला लागलं होतं. ती मी दोन पाण्यांतून काढली, साबण घरचाच.

माझ्या सख्ख्या भावाच्या अंगावरच्या वस्तू मी मागितल्या होत्या, तुझ्या माळ्यावरची अडगळ नव्हे. एका बुटाचं मी काय करू? हॅरल्ड म्हणाला, "दुसरा पुढच्या हप्त्यात येईल." माझ्या नवऱ्याला प्रत्येक गोष्टीत चेष्टा सुचते, पण या वेळी त्याला तरी काय बोलू?

पार्सलवर पाठवणारीचं नाव 'रोवेना' असं लिहिलंस. माझ्या भावाने लग्न केलं ते सँड्रा प्रॅटशी. जुन्या देवांच्या रिंगणात घेतलेलं नाव रिंगणात ठेवायचं असतं, ते पोस्टमनला सांगत सुटायचं नसतं. पण तू काय, तुझं त्याच देवांच्या मूर्ती विकायचं दुकानच आहे. देवी काचेच्या कपाटात, शिंगवाला देव किल्लीच्या जुडग्याला. ज्याला जे विकता येतं ते त्याने विकावं.

मुद्द्याचं लिहिते. साऊइन जवळ आली. गेलेल्यांची आणि आपली मधली भिंत वर्षातून एकदा पातळ होते ती हीच रात्र, आणि विल्फ गेल्यावरची ही पहिलीच. पहिल्या वर्षी नाव घेऊन ताट मांडलं नाही तर गेलेला माणूस दारावरून पुढे निघून जातो आणि मग त्याला ते दार कधीच सापडत नाही, असं आमच्या गुरू मिसेस अ‍ॅक्रॉइडनी आम्हाला शिकवलं. त्यांच्या मागच्या खोलीत एकसष्ट साली मला आणि विल्फला एकाच रात्री रिंगणात घेतलं होतं. त्यांचा शब्द मी आजवर मोडला नाही.

तेव्हा विल्फसाठी मुक्याचं जेवण, गेलेल्याला बोलावून एक शब्द न बोलता जेवायचं ते, मी करते आहे. तू करू नकोस. एका माणसाला एकाच रात्री दोन घरांतून हाका मारल्या तर त्याने जावं कुठे? त्यातून तो लंगडा. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, पोलिओतून नुकता उठलेला. मी त्याला कडेवर घेऊन शाळेत पोचवायची आणि मग माझ्या शाळेत पळायची. तरी शेवटची परीक्षा पास झाले. तुझ्याकडे तो आला तो चांगला सत्तेचाळीस वर्षांचा, आयता वाढवलेला.

उजवा बूट पाठव. तिकिटं पुरेशी लाव.

एडना


ग्लॅस्टनबरी,
शुक्रवार, १७ ऑक्टोबर

एडनाताई,

चौऱ्याऐंशी पेन्सची तिकिटं सोबत जोडली आहेत. निदान एक विषय तरी संपला.

टोपी मी विसरून न धुता पाठवली नव्हती. तिला त्याच्या डोक्याचा वास होता. तेल, तंबाखू आणि पावसात भिजलेल्या मेंढीसारखा काहीतरी. मला वाटलं, बहिणीला तो वास ओळखीचा असेल. तुम्ही दोन पाण्यांतून काढलीत. छान केलंत. आता ती कोणाचीही टोपी झाली.

लोणचं अर्धं होतं कारण अर्धं त्याने खाल्लं होतं. शेवटची बरणी होती ती. मी त्यातला एकही कांदा काढला नाही. या घरात पूर्ण बरण्या पुष्कळ आहेत, त्यातली एक पाठवली असती तर तुमची इभ्रत राहिली असती का?

बुटांची जोडी मी वाटून घेतली, एक तुम्हाला, एक मला. उजवा मी पाठवणार नाही.

तुम्हाला माझं दुकान आवडत नाही हे विल्फने मला लग्नाआधीच सांगितलं होतं. तुमच्या गावात काचेवर धूळ बसू दिली की तिला परंपरा म्हणतात, असंही त्यानेच सांगितलं होतं, हसत हसत. मुक्याचं जेवण माझ्याकडे होणार. आमच्या मंडळातले अकरा जण येणार आहेत. विल्फची बायको मी आहे. मार्चमध्ये शेवटच्या दिवशी त्याच्या उशाशी मी होते. तुम्ही गाडीभाड्याचा विचार करत होतात.

रोवेना


टॉडमॉर्डन,
सोमवार, २० ऑक्टोबर

सँड्रा,

गाडीभाड्याचं काढलंस ते बरं केलंस. तुझा निरोप इथे पोचला तेव्हा तो गेलेला होता. गेलेल्या माणसाला बघायला धावत जाण्यापेक्षा त्याला परत बोलवायची तयारी करावी, अशी आमची रीत. हे तुला तुझ्या पुस्तकांत मिळणार नाही, कारण पुस्तकं लिहिणारे मरणाला घाबरतात आणि म्हणून त्यावर फुलं काढतात.

अकरा जण! मुक्याचं जेवण आहे की वाढदिवस? शेजारणीचा पुतण्या गेल्या वर्षी तुमच्या गावात होता. तुमच्या लोकांनी टेकडीवर बासरी वाजवली आणि एकाने अनवाणी नाचताना पाय मुरगळून घेतला, म्हणाला. त्याच अकरांतला असेल. नाचणाऱ्याला बाकी सगळं येतं, गप्प बसणं तेवढं येत नाही.

तुला कोणी शिकवलं नसेल म्हणून लिहिते, उपकार समज. उंबरा ओलांडला की शब्द नाही. खोकला आला तर बाहेर जायचं आणि परत यायचं नाही. वाढणारा पाठमोरा चालतो. गोड आधी, जेवण नंतर, कारण तिकडची वाट इकडच्या उलटी असते. गेलेल्याच्या खुर्चीवर काळं कापड. पश्चिमेच्या खिडकीत मेणबत्ती. आणि ताट एकट्याने मांडायचं नाही, निदान दोघं हवीत, एक वाढणारं आणि एक समोर बसणारं. मिसेस अ‍ॅक्रॉइड म्हणायच्या, "एकट्याने मांडलेलं ताट मेलेल्याचं नसतं, ते एकट्याचंच असतं." आमचं मंडळ तेरा जणांचं. आम्हाला हा प्रश्न कधी पडला नाही.

आणि वाढणार काय आहेस? तुझी ती मसुराची लापशी? विल्फला काळे वाटाणे आवडायचे, शिजवून वर व्हिनेगर. मी दरवर्षी ऑक्टोबरात त्याला एक पुडा पाठवायची. या वर्षी कोणाला पाठवू? अर्धा पौंड आणले, तेवढे पुरतील.

जाड सोलच्या बुटाला मी काल पॉलिश केलं. तुझ्याकडे त्याला पॉलिश लागत नव्हतं असं दिसतं, टाचेजवळ चिखल तसाच वाळलेला. हॅरल्ड बघत उभा होता. म्हणाला, "जिवंत होता तेव्हा कधी वेळेवर जेवायला आला नाही. आता एका बुटावर येणार?" मी म्हटलं, "तू आपला क्लबात जा." तो मेथडिस्ट चर्चचा माणूस, त्या रात्री दरवर्षी क्लबातच जातो.

शेवटचं सांगते. त्याला हाक मारू नकोस.

एडना


ग्लॅस्टनबरी,
शनिवार, १ नोव्हेंबर

एडनाताई,

तुम्ही जिंकलात. अभिनंदन.

काल रात्री सगळं तुमच्या पत्राप्रमाणे केलं. हसू नका, खरंच तुमचं पत्र समोर ठेवून केलं. काळं कापड, पश्चिमेची मेणबत्ती, आधी सफरचंदाची खीर. त्याचा उजवा बूट मी दाराच्या आत ठेवला होता. त्याची चाल तुम्हाला माहीत आहे. जाड बुटाचा ठक्, मग उजव्याचा घासत आल्यासारखा आवाज. नऊ वर्षं मी तो आवाज ऐकून किटली चढवली. मी फक्त त्या आवाजासाठी बसले होते.

आमच्या मंडळातल्या मॅरिगोल्डला मधेच हसू फुटलं. तिने ते उशीत दाबलं, पण फुटलं. टेडने मीठ मागितलं. तोंडाने नाही, खुणेने, पण अशी खूण की तिघांना हसू आलं. टेकडीवर अनवाणी नाचणारा तो हाच. पाय आता बरा आहे त्याचा, शेजारणीच्या पुतण्याला सांगा.

जेवण संपल्यावर सगळे बोलायला लागले. कोणाचा काका आला होता, कोणाच्या खांद्यावर हात पडला होता. मॅरिगोल्डने आपल्या आजीला आयुष्यात दोनदा पाहिलं असेल, तीसुद्धा आली म्हणे, लॅव्हेंडरच्या वासासकट. सगळ्यांचे सगळे आले. माझा आला नाही. मेणबत्ती हललीसुद्धा नाही. त्यांनी मला मिठ्या मारल्या आणि ते उरलेलं खाऊन घरी गेले.

तो तुमच्याकडे गेला, हे मला त्याच क्षणी कळलं. आणि का गेला तेही. उजवा बूट काय, कुठल्याही दुकानात तसा मिळतो. जाड सोलचा एकच होता, त्याच्या मापाने बनवलेला. त्याचा खरा बूट तोच. तो मी तुम्हाला पाठवला, ठरवून, कारण तुम्ही त्याला कडेवर घेऊन फिरलात. तुम्ही त्यावर पॉलिश केलंत आणि मला चिखलाबद्दल सुनावलंत. तो चिखल आमच्या बागेतला होता. शेवटचा बाहेर पडला तेव्हाचा.

पहिल्या वर्षी ज्याला दार सापडत नाही त्याला ते कधीच सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे माझं दार गेलं. तो आला होता का, एवढं तरी सांगा. पाय दुखत होता का त्याचा?

सँड्रा


टॉडमॉर्डन,
सोमवार, ३ नोव्हेंबर

सँड्रा,

तू मूर्ख आहेस हे मला नऊ वर्षं माहीत होतं, पण किती आहेस ते आज कळलं.

विल्फ माझ्याकडे आला नाही. येईल कसा? मी अजून ताटच मांडलेलं नाही. साऊइन शुक्रवारी आहे, सात तारखेला.

एकतीस ऑक्टोबर ही कॅलेंडर छापणाऱ्याची साऊइन. पोरं भोपळे कोरतात ती. खरी साऊइन शरदातला दिवस-रात्र सारखी असण्याचा दिवस आणि वर्षातला सगळ्यात लहान दिवस यांच्या बरोबर मधोमध येते. आमच्या पंचांगाप्रमाणे सूर्य वृश्चिक राशीत अर्ध्यावर आला की भिंत पातळ होते, त्याआधी नाही. मेलेल्यांच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं नसतं. त्यांना ऊन कळतं. मिसेस अ‍ॅक्रॉइड दरवर्षी पंचांग बघून दिवस काढायच्या, आता मी काढते.

तू दुकान उघडायच्या आधी येऊन दार बडवलंस आणि आता मालक घरात नाही म्हणून रडतेस. आणि त्या मॅरिगोल्डची आजी आठवडाभर आधी येऊन बसली असेल, तर ती जिवंतपणीही अशीच आगंतुक असणार. तेव्हा दार गेलं वगैरे लिहू नकोस. तू खऱ्या दारावर हात ठेवलेलाच नाहीस, तर ते जाईल कसं?

एक गोष्ट मात्र मला कळत नाही. विल्फला हा दिवस पाठ होता. तू तारीख चुकवशील असं मला म्हणूनच वाटलं नाही. मला वाटलं, त्या घरात विल्फ होता, एवढं तरी त्याने शिकवलं असेल. म्हणजे नऊ वर्षं तो तुमच्याबरोबर एकतिसाव्या तारखेलाच बसायचा. माझी रात्र त्याने सोडून दिली. आईचंही ताट असतं त्या रात्री. तेही सोडलं. बायकोपायी माणसं काय काय सोडतात ते मी पाहिलंय, पण हे मला वाटलं नव्हतं.

बुटाचं तू लिहिलंस ते वाचलं.

उजवा आता तरी पाठव. मंगळवारी टाकलास तर गुरुवारी मिळेल.

एडना


ग्लॅस्टनबरी,
मंगळवार, ४ नोव्हेंबर, दुपार

एडनाताई,

तुमचं पत्र आत्ता आलं. दुकान बंद करून लिहितेय, आजच्या टपालात जायला हवं.

त्याने सोडलं नव्हतं.

दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक संध्याकाळ अशी यायची की विल्फ तोंडातून शब्द काढायचा नाही. मला वाटायचं, थंडी पडली, पाय ठणकतोय. तुमचे ते काळे वाटाणे तो स्वतः शिजवायचा, मला हात लावू द्यायचा नाही. आणि जेवताना आधी पुडिंग खायचा, मग वाटाणे. मी हसायची. म्हणायची, "अहो, उत्तरेकडे जेवायलासुद्धा उलटं शिकवतात का?" तो नुसता बघायचा. मी आपली बोलत राहायची, दुकान, गिऱ्हाइकं, टेडचा पाय. माझा तोंडाचा पट्टा तुम्हाला ठाऊक आहे.

आणि तो दोन ताटं मांडायचा. एक स्वतःचं, एक समोर. मला वाटायचं, माझ्यासाठीच आहे. मी बसायची आणि खायची. वाटाणे मला आवडत नाहीत, तरी त्याने केलेत म्हणून सगळे संपवायची. पहिल्या वर्षी त्याने एकदा हात पुढे केला होता, अडवल्यासारखा. मग मागे घेतला आणि माझ्या पुढ्यात व्हिनेगरची बाटली सरकवली. ते तुमच्या आईचं ताट होतं ना? आज कळलं.

आता तुम्ही मला काय म्हणाल ते मी स्वतःला म्हणून घेतलंय.

आणखी एक. तेरा जणांचं मंडळ कुठलं? मिसेस अ‍ॅक्रॉइडच्या मुलीचं मला सप्टेंबरात पत्र आलं होतं. आई ऑगस्टमध्ये गेली, आता तिथे एडना एकटीच उरली, असं तिने लिहिलं होतं. मला हे पहिल्या पत्रापासून माहीत होतं, आणि तुम्ही तेरा लिहिलंत तेव्हा मी खूप हसले. आता हसू येत नाही. एकट्याने मांडलेलं ताट कोणाचं असतं ते तुम्हीच लिहिलंय. शुक्रवारी समोर कोण बसणार? हॅरल्ड तर क्लबात.

बूट बांधून ठेवलाय. पोस्टाच्या पेटीत टाकायला हात होत नाही. काय करू सांगा.

सँड्रा


टॉडमॉर्डन,
बुधवार, ५ नोव्हेंबर

सँड्रा,

पत्र सकाळीच मिळालं. बूट पोस्टात टाकला नाहीस हे तुझ्या हातून घडलेलं पहिलं शहाणपण.

आईचं ताट तू खाल्लंस. नऊ वर्षं. मेलेल्याच्या पानावर बसून, तोंड चालू ठेवून, वर गिऱ्हाइकांच्या गप्पा. एवढं अवलक्षण मी आमच्या चाळीस मैलांच्या परिसरात ऐकलेलं नाही आणि ऐकणारही नाही, कारण मी हे कोणाला सांगणार नाही. आई नऊ वर्षं उपाशी परत गेली असेल. की गेली नसेल, कोण जाणे. तिलाही समोर कोणी बडबडलं तर आवडायचं. विल्फने तुला उठवलं नाही, हे मी सकाळपासून मनात फिरवते आहे. उठवायला त्याला एक शब्द बोलावा लागला असता, म्हणून नाही उठवलं, असं मी ठरवलंय. तू दुसरं काही ठरवू नकोस.

हॅरल्डला पत्र वाचून दाखवलं. त्याने ते एकदाही चेष्टा न करता ऐकलं, आणि हॅरल्डच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट आहे. मग म्हणाला, "शुक्रवारी मी स्टेशनवर जाऊ का?" म्हटलं, "कोणाला आणायला?" म्हणाला, "ज्याच्या हातात बूट असेल त्याला."

तेरा जण होते. एकसष्ट साली होते. काही गेले, एक कॅनडाला मुलीकडे राहतो, दोघं चर्चमध्ये परत गेली. मी लिहिलं ते चुकीच्या वर्षातलं लिहिलं. तू चुकीच्या आठवड्यात ताट मांडलंस, तेव्हा माझ्याकडे बोट दाखवू नकोस.

तू ये. दुसरं कोणी नाही म्हणून बोलावते, गैरसमज नको. मी वाढेन, पाठमोरी चालायची सवय मला आहे. तू समोर बसशील. मसूर आणू नकोस. वाटाणे आज रात्री भिजत घालते, अर्धा पौंडात चार ताटं होतात: विल्फचं, आईचं, माझं आणि तुझं. आईच्या ताटाशी मी काळं कापड दुहेरी घालणार आहे, म्हणजे तुला दिसेल. ते खाऊ नकोस. आमच्याकडे पुडिंग नाही, पार्किन म्हणजे आल्याचा केक केलाय रविवारी, तो आता मुरून मऊ झाला असेल. तो आधी खायचा.

उंबऱ्याच्या आत तुला तू घेतलेल्या नावाने घेईन, रिंगणाचा नियम आहे म्हणून. बाहेर तू सँड्राच. उंबऱ्याच्या आत शब्द नाही. तुला जमेल का हा प्रश्न मला पडलाय, हॅरल्डने तर जमणार नाही म्हणून पैजच लावली आहे आणि मी ती घेतली आहे.

दोन्ही बूट दाराच्या आत जोडीने ठेवू. डाव्याच्या टाचेजवळ थोडा चिखल उरला होता, शिवणीत. तिथे मी ब्रश घातला नाही. बाकीचा गेला, त्याला आता इलाज नाही. टोपीचाही वास गेला हे खरं आहे, काल पुन्हा हुंगून बघितली. तुझ्याकडे न धुतलेलं काही असेल, उशीचा अभ्रा, बनियन, काहीही, तर कागदात गुंडाळून घेऊन ये. कापडी पिशवीत नको, वास उडतो.

आज शेकोट्यांची रात्र, बाहेर पोरांनी आतापासूनच फटाके लावलेत, डोकं उठलंय, म्हणून आवरतं घेते. अंधार पडायच्या आत तू इथे पोचायला हवीस. शुक्रवारी सकाळचं टपाल साडेसातला येतं. कुठली गाडी धरतेस ते उलट टपाली कळव, आणि तिकिटं पुरेशी लाव.

एडना